सुतळी बॉम्ब, डीजे आणि गडगडाट: कुत्र्याच्या मनातली भीती कशी काढायची?

तापीकाठचा (शिरपूर)
नमस्कार मंडळी. घरी गावरान कुत्रा आहे, वय अंदाजे दोन वर्षं, रस्त्यावरून आणलेला. एरवी शहाणा. पण साधी लवंगी फुटली तरी मोरीत जाऊन बसतो, वरातीचा डीजे लांबून ऐकू आला की थरथरतो, गडगडाट सुरू झाला की दार ओरबाडतो. कुणाच्या हातात काठी दिसली की अंग चोरतो. मोटारसायकलला किक मारली की पळतो.

आता श्रावण लागतोय. कानबाई, पोळा, गणपती, नवरात्र आणि मग दिवाळी, म्हणजे पुढे आवाजच आवाज. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दिवाळीपर्यंत फरक पडेल का, आणि सुरुवात कुठून करावी? गल्लीतले म्हणतात, "फटाक्यांजवळ बांधून ठेव, आपोआप सवय होते." हे खरं का? आणि घाबरल्यावर जवळ घ्यावं की दुर्लक्ष करावं?

अमळनेरकर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. बांधून ठेवू नका, अजिबात. घाबरलेला कुत्रा साखळीला हिसके मारून गळा कापून घेतो किंवा साखळी खुंट्याला गुंडाळून अडकतो. साखळी तुटली तर थांबत नाही, दिशा दिसेल तिकडे पळतो. बाकी जाणकार सांगतीलच.

सातपुडा_पायथा (चोपडा)
सवय होते हे अर्धवट खरं आहे, म्हणूनच घातक. आवाज बारीक असेल आणि त्यातून काही वाईट घडत नसेल तर सवय होते. आवाज मोठा असेल आणि पळायला वाट नसेल तर उलटं होतं, भीती दरवेळी वाढत जाते. आधी सुतळी बॉम्बला घाबरणारा कुत्रा पुढे काडेपेटीच्या आवाजालाही दचकायला लागतो. कधी कधी बांधलेला कुत्रा गप्प पडून राहतो आणि लोकांना वाटतं, सुधारला. तो सुधारलेला नसतो. सुटका नाही हे कळल्यावर त्याने प्रयत्न सोडलेला असतो.

करायचं ते असं. आधी कुत्र्याची मर्यादा शोधा. आवाज त्याला कळतो, कान हलतात, पण तो अजून खातो, ती पातळी. सराव नेहमी तिच्या खाली. मर्यादा ओलांडल्याच्या खुणा शेपूट पोटाखाली जाण्याच्या कितीतरी आधी दिसतात. झोप नसताना जांभई, भूक नसताना ओठ चाटणं, डोक्याची दिशा तीच ठेवून डोळे तिरपे करणं म्हणजे डोळ्याची पांढरी कड दिसते, पुढचा एक पाय उचलून धरणं, अचानक केस गळणं. धापा टाकणं हीसुद्धा खूण आहे, पण आपल्याकडे मे महिन्यात ४४ अंशाला प्रत्येक कुत्रा धापा टाकतो. म्हणून ती खूण सकाळी गारव्यातच तपासा. सगळ्यात भरवशाची खूण तोंडाची: आवडीचा तुकडा नाकाशी धरूनही घेत नसेल तर त्याला झेपत नाहीये.

मग फटाक्यांचं रेकॉर्डिंग घ्या. आवाज जवळजवळ शून्यावर. फटाका वाजला की एक-दोन सेकंदांत उकडलेल्या कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा. आवाज थांबला की खाणं थांबलं. क्रम महत्त्वाचा, आधी आवाज आणि मग खाणं. उलटं केलं तर कोंबडीची वाटी दिसली की "आता काहीतरी वाजणार" हे त्याच्या डोक्यात बसतं आणि तो वाटीलाच घाबरायला लागतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, बस्स. सलग तीन वेळा तो सैल अंगाने, आवाज आल्यावर खुशीने तुमच्याकडे बघायला लागला तरच आवाजाच्या बटणाची एक खूण वाढवा. एकदा जरी खाणं नाकारलं तरी दोन खुणा खाली या.

खान्देशी_नाना (पारोळा)
सगळं ठीक आहे, पण जवळ घेऊन लाड करणं मला पटत नाही. घाबरला की कुरवाळायचं, मग त्याला वाटतं घाबरलं की लाड मिळतात. आपल्या बापजाद्यांनी खळ्यावर कुत्रे पाळले, कुणी कोंबडी भरवली नाही.

पशुवैद्य_पांझरा (धुळे)
नाना, बसणं, उठणं, हात देणं या कृती आहेत. त्या खाऊ देऊन वाढवता येतात. भीती ही कृती नाही. पोटात गोळा आलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवला म्हणून त्याचा गोळा मोठा होत नाही. कुत्रा आपणहून जवळ आला तर येऊ द्या, छातीवर सावकाश हात फिरवा, आवाज खाली ठेवा. तो पलंगाखाली गेला असेल तर ओढून बाहेर काढून मिठीत घेऊ नका. ते सांत्वन त्याला नको असतं आणि अशा वेळी चावाही बसतो.

आता दवाखान्याच्या बाजूचं. ज्या कुत्र्याला आधी आवाजाचं काही वाटत नव्हतं आणि चार-पाच वर्षांचा झाल्यावर अचानक वाटायला लागलं, त्याचं अंग आधी तपासा. सांधे, कंबर, कान, दात. दचकल्यावर स्नायू आवळतात, दुखऱ्या जागी कळ येते आणि कुत्रा ती कळ आवाजाशी जोडतो. अशा वेळी वेदना कमी केल्याशिवाय नुसत्या सरावाने हाती काही लागत नाही. आपल्याकडे गोचीड फार. गोचिडतापातही अंग दुखतं, कुत्रा कोपरा धरतो. एकदा रक्त तपासून घ्या.

औषधांबद्दल. दार ओरबाडून नखं रक्ताळणारा, पिंजऱ्याच्या सळया चावून दात मोडणारा कुत्रा असेल तर औषध हा शेवटचा उपाय मानू नका, सुरुवातीपासूनच त्याचा विचार करा. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन ही प्रसंगापुरती द्यायची औषधं आवाज सुरू होण्याच्या साधारण दीड-दोन तास आधी पोटात जावी लागतात. थरथर सुरू झाल्यावर दिली तर उपयोग फार कमी. फ्लुओक्सेटिन रोज द्यायचं असतं आणि परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे ते धनत्रयोदशीला आठवून चालत नाही. मात्रा वजन, यकृत, मूत्रपिंड आणि चालू असलेली इतर औषधं बघून ठरते, ती इथे विचारू नका. एक आग्रह मात्र धरा: दिवाळीच्या पंधरा दिवस आधी एखाद्या शांत दिवशी चाचणीची मात्रा देऊन बघायची. काही कुत्रे उलट चेकाळतात, ते आधी कळलेलं बरं.

एसीप्रोमाझिन हे गुंगीचं औषध एकटं दिलं तर अंग ढिलं पडतं आणि भीती आत तशीच राहते. ऐकू सगळं येतं, हलता मात्र येत नाही. घरातल्या माणसांच्या झोपेच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल यातलं काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका.

वांग्याचं_भरीत (जळगाव)
खाण्याबद्दल थोडं. रोजच्या ताटातली कळण्याची भाकरी सरावाला चालत नाही, तिच्यासाठी कोणी बॉम्ब सोसणार नाही. एरवी कधीच मिळत नाही असं काहीतरी हवं. कोंबडी किंवा काळीज मीठ न घालता उकडून बारीक तुकडे करून डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. शाकाहारी घरात पनीर, उकडलेलं अंडं चालत असेल तर अंडं, आणि आपलं हुकमी पीक, केळ्याचे काप. बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे सोलून अगदी थोडे. दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या वर खाऊ जाऊ देऊ नका, तेवढं जेवण कमी करा.

शेवभाजी, भरीत, मटणाचा रस्सा यातलं काही देऊ नका. तिखट राहू द्या, त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट पूर्ण वर्ज्य. माझ्या नावाला जागून सांगते, भरीत फक्त माणसांनी खावं :)

जंक्शन_भुसावळ
@सातपुडा_पायथा, रेकॉर्डिंगबद्दल एक भर. मोबाइलच्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही. डीजे आणि ढग यांची भीती मुख्यतः त्या खर्जाची असते, जमीन आणि दारं हादरतात ती. मोबाइलवर कुत्रा निवांत दिसतो आणि आपण समजतो की जमलं. बऱ्यापैकी मोठा स्पीकर घ्या. आधी तो शेजारच्या खोलीत दार लावून, मग दार उघडून, मग त्याच खोलीत पण लांबच्या कोपऱ्यात. जागा बदलत राहा, नाहीतर कुत्रा शिकतो की "त्या डब्यातून आवाज आला तर काही नाही" आणि रस्त्यावरच्या आवाजाला पहिल्यासारखाच घाबरतो.

वरच्या पट्टीचंही तसंच. आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपासपर्यंत. रॉकेटची शिट्टी त्याला जशी ऐकू येते तशी आपल्याला येतच नाही आणि स्वस्त रेकॉर्डिंगमध्ये ती उतरतही नाही.

गडगडाट सगळ्यात अवघड. तिथे आवाजाबरोबर वीज, वारा, हवेचा दाब, पावसाचा वास असं सगळं एकदम येतं. नुसत्या आवाजाच्या सरावाने त्यातला एक तुकडाच सुटतो. ढगांसाठी पुढचं कोणीतरी लिहिलं तर बरं, खोलीची व्यवस्था.

केळीची_बाग (सावदा)
खोलीबद्दल लिहिते. पत्र्याच्या घरात पाऊस आणि गारा चौपट वाजतात. जुनं धाब्याचं घर असेल तर त्याच्या जाड मातीच्या भिंतींत आवाज मुरतो. स्लॅबच्या घरात रस्त्याकडची भिंत नसलेली मधली खोली निवडा. खिडकीला जाड पडदा किंवा गोधडी, कारण विजेचा आणि फटाक्याचा उजेड दिसला की आवाजाच्या आधीच तो ताठरतो. खाटेवरून चादर जमिनीपर्यंत सोडा, खाली गोणपाट आणि तुमचा न धुतलेला सदरा ठेवा. पाण्याचं भांडं आतच. दार उघडं ठेवा. कोंडलं की तीच खोली वैरीण होते.

आवाज झाकायला कूलरसारखी वस्तू नाही. उन्हाळा संपला म्हणून माळ्यावर टाकू नका. पंप बंद, पाणी काढलेलं, नुसता पंखा. त्याची एकसारखी घरघर बाहेरचे बारीक आवाज खाऊन टाकते. तीही आधी सवयीची करा, आयत्या वेळी लावली तर कूलरचीच भीती.

सगळ्यात महत्त्वाचं, ही जागा शांत दिवसांत वापरात आणा. रोज दुपारी तिथे खाऊ, चघळायला काहीतरी, झोप. फटाके वाजले तेव्हाच तिथे नेलं तर ती जागा फटाक्यांची होऊन बसते.

आणि मोरीत बसतो म्हणालात ना, तर बसू द्या. लहान, आतली, बिनखिडकीची जागा त्याने स्वतः शोधलीय. तिथेच पोतं टाका.

तापीकाठचा (शिरपूर)
मनापासून आभार. मोरीत पोतं टाकलं. कूलर काढतो. एक शंका. आपण सराव हळूहळू करू, पण अधेमधे गल्लीत पोरं अचानक फटाका फोडतात. तो आपल्या हातात नाही. तेव्हा काय करावं? सगळी मेहनत वाया जाईल का?

सातपुडा_पायथा (चोपडा)
वाया जात नाही. खिशात सतत खाऊची पुडी ठेवा. कुठलाही अचानक आवाज झाला, भांडं पडलं, दार आपटलं, फटाका फुटला, की लगेच आनंदी सुरात एक शब्द, "घे!", आणि तीन-चार तुकडे एकामागून एक. त्याने काही करायची अट नाही. बसला नाही, भुंकला, तरी द्यायचं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १,२०० हून जास्त कुत्र्यांच्या मालकांना कोणता उपाय लागू पडला हे विचारलं होतं. आवाजानंतर लगेच खाणं किंवा खेळ देणं हा उपाय करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी फायदा झाल्याचं सांगितलं. अंग शिथिल करायला शिकवणं आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं यांचे आकडेही त्याच्या आसपासच. अंगाला घट्ट बसणारी जॅकेटं निम्म्याच्या खाली. बाजारात ज्याची जाहिरात जास्त त्यावर आधी पैसे घालू नका.

घाबरून खातच नसेल तर भरवायचा हट्ट सोडा, खोलीत न्या, कूलर लावा. तो दिवस सरावाचा नाही, निभावून नेण्याचा.

रानवाट (शहादा)
काठी आणि मोटारसायकल राहूनच गेली. हे आवाजाच्या भीतीपेक्षा लवकर सुटतं, कारण अंतर आपल्या हातात असतं.

काठी: अंगणात काठी आडवी पडलेली. तिच्यापासून दहा-पंधरा पावलांवर खाऊ विखरा. तो वास घेत फिरेल. रोज थोडं जवळ, शेवटी काठीला लागून. तो काठीवरून सहज पाय टाकून जायला लागला की मगच माणसाने ती हातात घ्यायची, तीही पुन्हा लांबून, टोक जमिनीला टेकवून, कुत्र्याकडे पाठ करून. काठी वर उचलणं ही अगदी शेवटची पायरी. आपल्याकडे शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काठी असते, तेव्हा ती पायरी टाळू नका.

अनोळखी माणूस: हात पुढे करून "ये ये" करू नका, डोक्यावरून हात नेऊ नका. आडवं बसा, नजर बाजूला, आणि तुकडा स्वतःकडे न टाकता कुत्र्याच्या मागे टाका. हे उलटं वाटतं, पण युक्ती त्यातच आहे. खाऊ तुमच्या पायाशी टाकला तर तो लोभाने जवळ येतो, खाऊन झाल्यावर भानावर येतो की माणूस फार जवळ आहे, आणि दचकून चावतो. मागे टाकला तर लांब जाऊन सुटकेचा श्वास मिळतो आणि परत यायचं की नाही हे तो ठरवतो.

मोटारसायकल: बंद गाडी, स्टँडवर, आजूबाजूला खाऊ. मग कोणीतरी गाडी नुसती ढकलत नेली. मग पन्नास फुटांवर इंजिन चालू, गाडी जागेवर. किक आणि सायलेन्सरचा फटका वेगळा काढून शिकवा, बहुतेकांना खरी भीती त्या पहिल्या फटक्याची असते. पट्टा सैल हवा. ताणलेला पट्टा कुत्र्याला सांगतो की काहीतरी गडबड आहे. गळ्यातल्या साखळीऐवजी छातीवरून बसणारा पट्टा वापरा.

खान्देशी_नाना (पारोळा)
पशुवैद्य साहेब, तुमचं म्हणणं समजलं. तरी शेतावरचं वेगळं आहे. रानडुकरं, नीलगायी हाकलायला रात्री फटाके फोडतात, काही जण कार्बाइडची पाइपगन वाजवतात. राखणीच्या कुत्र्याला कुठल्या खोलीत नेणार?

केळीची_बाग (सावदा)
नाना, प्रश्न बरोबर आहे. खोली नाही तर आडोसा. बांबू आणि पाचटाचा, तीन बाजूंनी बंद, तोंड बांधाच्या विरुद्ध दिशेला. आवाज जिथून करता तिथून कुत्रा जितका लांब तितकं बरं, आणि बार काढायच्या आधी त्याला साखळीतून मोकळं करा. पाइपगन कुत्र्याशेजारी कधीच नको. तिच्या भडक्याने माणसांचेही डोळे गेले आहेत. शेतावरच्या कुत्र्याला बार झाल्यावर भाकरीऐवजी काळजाचा तुकडा मिळू लागला तर तोही बदलतो. फक्त रात्री तो तुकडा तयार पाहिजे.

आखाजी_झोका (धुळे)
बठ्ठं बेस सांगं भाऊ! आमच्याकडे दीड महिन्याचं पिल्लू येतंय. त्याला पहिल्यापासून काय करावं म्हणजे ही वेळच येणार नाही?

पशुवैद्य_पांझरा (धुळे)
तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सोन्याचा. त्या वयात जे निवांतपणे बघितलं-ऐकलं ते पुढे ओळखीचं राहतं. अडचण अशी की तेव्हा लसी पूर्ण नसतात आणि पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) गावोगाव आहे. म्हणून पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन फिरवा. बाजार, बैलगाडी, घुंगरमाळा, लांबून जाणारी वरात, गिरणीचा आवाज. दरवेळी दोन-तीन मिनिटं, सोबत खाऊ, पिल्लाने तोंड फिरवलं की घरी. आठव्या ते दहाव्या आठवड्यात पिल्लं जास्त दचकतात, तेव्हा मोठा आवाज कटाक्षाने टाळा.

याच निमित्ताने सर्वांसाठी: कुत्रा एक-दोन दिवसांत अचानक बदलला, अंधारात दडायला लागला, लाळ गळतेय, आवाज बदललाय, पाणी गिळता येत नाहीये, तर ही भीती समजून सराव सुरू करू नका. रेबीजची शंका घ्या, तोंडात हात घालू नका, पशुवैद्यकाला कळवा. सरावात कुठल्याही कुत्र्याचा दात लागला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना. घरचा कुत्रा आहे म्हणून थांबू नका.

अमळनेरकर
आवाज करणाऱ्यांचंही बघू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीला फटाक्यांची वेळ रात्री ८ ते १० ठरवून दिली. त्यापुढे चालू असेल तर ११२ लावता येतो. पण त्याआधी मंडळाच्या पोरांशी बोला. मिरवणूक कुठल्या वाटेने किती वाजता येणार एवढं कळलं तरी औषधाची आणि खोलीची वेळ नेमकी साधते.

तापीकाठचा (शिरपूर)
आता शेवटचं. हे सगळं आठवड्यांत कसं बसवू? दिवाळीला तो बाहेर अंगणात बसेल का?

सातपुडा_पायथा (चोपडा)
अंगणात बसेल ही अपेक्षा या दिवाळीला ठेवू नका. आतल्या खोलीत, थरथर न होता, मधूनमधून खात बसला तर यंदाचं काम उत्तम झालं.

श्रावण, भाद्रपद, आश्विन मिळून बारा आठवडे. पण त्यातले सगळे सरावाचे नाहीत. कानबाईचा रविवार-सोमवार, पोळा, गणपतीचे दहा दिवस, नवरात्र हे निभावायचे. पहिले दोन आठवडे रेकॉर्डिंगला हातच लावू नका. फक्त खोली, कूलर, आणि "घे!" हा शब्द. मग पोळ्यापर्यंत फटाक्याचा सर्वांत बारीक आवाज. तोवर काठी आणि बंद मोटारसायकल वेगळ्या वेळी, एका दिवसात दोन्ही नकोत. गणपतीआधी पशुवैद्यकाकडे जाऊन या. तुमचा कुत्रा दार ओरबाडतो, म्हणजे औषधाबद्दल विचारायलाच हवं. गणपतीनंतर आवाज पुन्हा खालच्या खुणेपासून. नवरात्रानंतर औषधाची चाचणी मात्रा आणि खोलीत संध्याकाळची तालीम.

वसुबारसेपासून संध्याकाळी ५ च्या आत फिरवून आणा, दोन पट्टे लावून, एक गळ्यातला आणि एक छातीवरचा. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर पक्का लिहा. जेवण ६ च्या आत. फाटकाला कडी, येणाऱ्या पाहुण्यांना आधीच सूचना. लक्ष्मीपूजनाला घरातलं एक माणूस त्याच्याजवळ. भीतीचा ताण शरीरातून उतरायला दोन-तीन दिवस जातात, त्यामुळे पाडवा-भाऊबीजेला त्याला पोरांच्या घोळक्यात आणू नका. तुळशीचं लग्न होईपर्यंत गावात फटाके चालूच असतात, तेव्हा रेकॉर्डिंगचा सराव त्यानंतरच सुरू करा, आणि जिथे थांबलात त्याच्या दोन खुणा खालून.